भरतीला न मिटलेली झडप

मित्रांनो, मघाशी तुमच्यातल्या एका मुलीने बाईंना विचारले, "हे एवढे मोठे ताट इथे भिंतीला टेकवून कोणी ठेवले?" बाई घाईत होत्या. "असेल काहीतरी भंगार," म्हणाल्या आणि तुम्हाला टाक्या दाखवायला पुढे घेऊन गेल्या. आता डबे खायला तुम्ही माझ्याच शेजारी बसला आहात, तेव्हा सांगते. मी ताट नाही, आणि भंगार तर मुळीच नाही. मी एक जुनी बिडाची झडप आहे. या गावाचे सांडपाणी शुद्ध होऊन समुद्राला मिळते त्या मोठ्या नळाच्या तोंडावर मी एकतीस वर्षे काढली. खरे सांगायचे तर मी रागीट आहे. माझी गोष्ट सुडाची आहे. ऐकून झाल्यावर मला काय म्हणायचे ते तुमचे तुम्ही ठरवा.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात तापलेले बीड ओतले आणि दोन दिवसांनी साचा फोडून मला बाहेर काढले. माझी कड घासून गुळगुळीत केली, कडेला रबराचा पट्टा लावला आणि डोक्यावर दोन जाड बिजागऱ्या बसवल्या. मला उचलायला दोन धडधाकट माणसे लागत. तरी बिजागरीवर टांगल्यावर मी इतकी हलकी झाले की एका हाताने मला ढकलता येई.

माझे काम ऐकायला सोपे होते. आतून शुद्ध केलेले पाणी आले की उघडायचे, बाहेरून समुद्र चढू लागला की मिटायचे. रोज दोन ओहोट्या, दोन भरत्या. मी मिटले नाही तर समुद्र नळातून उलटा चालत गावात शिरणार, एवढी जोखीम माझ्या एकटीवर होती.

मला तिथे बसवले ते वंगणकाकांनी. तेव्हा ते कोणाचेच काका नव्हते, नुकतेच लागलेले फिटर होते. हात कायम वंगणाने काळे, म्हणून पुढे हे नाव पडले. दर मोठ्या ओहोटीला ते समुद्राच्या भिंतीवरची लोखंडी शिडी उतरून माझ्याकडे येत. अंगावरचे शेवाळ खरवडून काढत, बिजागऱ्यांत वंगण भरत आणि मग मला तळहाताने थोडी वर उचलून सोडून देत. मी 'धप्प' असा आवाज केला की ते खूश. शिकाऊ फिटरांना ते सांगत, "हिला धप्प आलं पाहिजे. ठण्ण आलं की समजा रबर गेलं, आता समुद्र बोटं घालणार."

काकांचे घर खालच्या आळीत, गावाच्या सगळ्यात सखल भागात होते. ओहोटीच्या दिवशी ते डबा उचलू लागले की काकू दारातून म्हणत, "निघाले सवतीकडे!"

"अगं, ती बिचारी दिवसभर पाण्यात उभी असते."

"आणि मी कुठे गादीवर लोळते? तिला सांगा, धाकटीने थोरलीची धुणीही धुवावीत कधीतरी."

काका मला हे शिडीवर उभे राहून सांगत आणि एकटेच हसत. माझ्याशी बोलायची त्यांना सवय होती. मला ऐकायची होती. वंगण भरून झाले की म्हणत, "चल बये, येतो." पाण्यात उभ्या असलेल्या बिडाला याहून जास्त माया कोण देणार?

फाटकाजवळ एक काळा फळा होता. रोज सकाळी काका त्यावर खडूने त्या दिवसाच्या भरतीच्या वेळा लिहीत. शिपाई त्या वाचून टाक्यांच्या पाण्याची दारे उघडी, बंद करी. खालच्या आळीतले लोकही येता-जाता नजर टाकत. उधाण असले की काका वेळेखाली दोन रेघा मारत. बस्स, तेवढ्यावर गाव चालत होता.

तुम्ही आत्ता पाहिलेतच, पाणी आधी जाळीतून जाते. जाळीत चमचे, बाहुल्या आणि एकदा तर दातांची पूर्ण कवळी अडकली होती. मग गाळ खाली बसतो. मग पाणी त्या मोठ्या टाकीत येते, जिथे डोळ्यांना न दिसणारे जिवाणू घाण खाऊन टाकतात. त्यांना श्वास लागतो, म्हणून यंत्राने टाकीत हवा फुंकावी लागते. हे सगळे झाले की पाणी माझ्यापाशी येई. किती स्वच्छ असे ते! मला त्याचा अभिमान होता.

मग नवे साहेब आले.

साहेब वाईट दिसत नव्हते. सदरा पांढरा, बोलणे मृदू. ते याच अंगणातल्या सरकारी घरात राहत. आल्या आल्या त्यांनी फळा पुसून घेतला आणि त्यावर रंगाने लिहवून घेतले: 'प्लांट अखंड चालू. दिवस १.' रोज आकडा बदलायचा.

काका म्हणाले, "साहेब, भरतीच्या वेळा कुठे लिहू?"

"अहो काका, समुद्राला कोणी सांगावं लागतं का? तो आपला येतो, आपला जातो."

"तो जातो-येतो हो. दारं आपल्याला उघडावी लागतात."

शिपाई फिसकन हसला. साहेब हसले नाहीत. फळ्यावर भरतीला जागा मिळाली नाही ती नाहीच. काका तेव्हापासून वेळा कागदावर लिहून शिपायाच्या खिशात घालू लागले.

पाचशेव्या दिवशी साहेबांना वरून एक लाकडी ढाल मिळाली. ती त्यांनी बैठकीच्या खोलीत लावली. आणि सातशे की सव्वासातशेव्या दिवशी हवा फुंकणारे यंत्र बंद पडले. दुरुस्तीला माणसे बोलवायची, तर 'प्लांट बंद आहे' असे वर लिहून कळवायला हवे. कळवले की फळ्यावर पुन्हा एक. साहेबांनी कळवले नाही.

टाकीतले जिवाणू आठवड्याभरात गुदमरून मेले. तरी पाण्याला वाट तर हवी. टाक्या टाळून कच्चे पाणी सरळ माझ्याकडे आणणारा एक पाट होता, अतिवृष्टीसारख्या अडचणीसाठी ठेवलेला. त्याला बायपास म्हणत. त्याचे दार वर्षानुवर्षे बंद असे. आता ओहोटी लागली की शिपाई ते दार उघडू लागला आणि भरतीच्या आत बंद करू लागला. पंप चालू, दिवे चालू, फळ्यावरचा आकडाही चालू.

मित्रांनो, ज्या तोंडातून मी इतकी वर्षे नितळ पाणी सोडले, त्याच तोंडातून मला ती घाण सोडावी लागली. मी बोलू शकत नव्हते. काकांनी एकदा शिडीवरून पाहिले, नाकाला हात लावला आणि तडक साहेबांकडे गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "वर कळवलंय म्हणतात," ते मला म्हणाले. वर कोणालाच काही कळवलेले नव्हते. शिपाई माझ्या पाठीमागच्या चेंबरच्या जाळीवर बसून विडी ओढी, तेव्हा पहारेकऱ्याला तसे सांगताना मी ऐकले.

किनाऱ्यावर खेळणाऱ्या मुलांच्या अंगाला खाज सुटली, फोड आले. खालच्या आळीतल्या एका मुलीला जुलाब थांबेनात. तिला दवाखान्यात सलाइन लावावी लागली. तिची आई किनाऱ्याचे पाणी बाटलीत भरून फाटकावर आली. "साहेब," ती म्हणाली, "ही तुमच्या टेबलावर ठेवा. पाहुणे आले की वास येऊ द्या, म्हणजे आमची आठवण राहील."

चौकशीला तीन माणसे येणार असे ठरले. साहेबांना आता कोणीतरी बळी हवा होता. चौकशीच्या आदल्या ओहोटीला शिपाई शिडी उतरून आला. त्याच्या हातात सागाची एक जाड पाचर होती. त्याने ती माझ्या खालच्या कडेत, चिखलाच्या आड ठोकली. ठोकताना पुटपुटत होता, "माझं काय जातंय. सांगितलंय ते करतोय." दोन बोटांची फट पडली.

दुसऱ्या दिवशी चौकशीची माणसे भिंतीवर उभी राहिली. साहेबांनी लांब बांबूने मला ढकलून दाखवले. धप्प नाही, ठण्ण नाही, नुसते 'खट्'.

"झडप मिटत नाही," साहेब मृदूपणे म्हणाले. "भरतीचं पाणी आत शिरतं, टाक्या ढवळून निघतात आणि घाण बाहेर येते. फिटरचं वय झालंय. वंगण वेळेवर होत नाही."

"मागच्या ओहोटीला मी स्वतः केलंय!" काका म्हणाले. "खाली काहीतरी अडकलंय. मला उतरू द्या, दोन मिनिटांत दाखवतो."

"आता हात लावायचा नाही, काका. तो पुरावा आहे."

काका शिडीच्या वरच्या पायरीवर एक पाय ठेवून तसेच उभे राहिले. कोणी त्यांना ढकलले नाही की रागावले नाही. एकाने फक्त दंडाला धरून मागे घेतले. निवृत्तीला चार महिने उरले असताना हलगर्जीपणाचा ठपका ठेवून त्यांना घरी बसवले. ज्या माणसाने एकतीस वर्षांत एकही मोठी ओहोटी चुकवली नाही, त्याला! आणि त्याच्याविरुद्ध साक्षीला उभे केले कोणाला? मला.

त्या दिवशी मी एक नेम घेतला. रोज दोन भरत्या, रोज दोनदा. समुद्र माझ्या कडेला लागला की मनात एकच म्हणायचे: यांना मी सोडणार नाही. एकही भरती चुकली नाही. पाचर काढायला कोणी आले नाही. पुरावा असल्याने तिला कोण हात लावणार? माझ्या कडेवर शिंपल्यांतली बारीक कालवे चिकटू लागली. मी त्यांनाही मोजत राहिले आणि नेम म्हणत राहिले. राग जपायला मला कोणाची मदत लागली नाही.

आकडा हजाराच्या जवळ येऊन पोहोचला. साहेबांनी हजाराव्या दिवशी दुपारी बाराला समारंभ ठेवला. अंगणात मांडव, सतरंज्या, खुर्च्या. वरून तपासणीच्या मोठ्या मॅडम येणार होत्या. मोठी टाकी पाहुण्यांना स्वच्छ दिसावी म्हणून तिच्यात तीन दिवस एक थेंब येऊ द्यायचा नाही, असे ठरले. म्हणजे बायपासचे दार तीन दिवस सताड उघडे.

एक गोष्ट मात्र कोणी पाहिली नाही. हजारावा दिवस अमावास्येला येत होता, आणि अमावास्येला दुपारी बाराला उधाणाची भरती असते. वेळा लिहिणारा हात घरी बसला होता, शिपायाचा खिसा रिकामा होता. शिपायाला सकाळी शंका आली. "साहेब, आज पाणी जरा जास्त वाटतंय. बायपासचं दार बंद करू का?"

"पाहुणे जाऊ देत. मग बघू."

अकराच्या सुमाराला लाटा उसळू लागल्या, आणि एका दणक्यात माझ्या कडेतली पाचर निसटून वाहून गेली.

मित्रांनो, आता जे सांगते ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. पाचर गेल्यावर मी मोकळी झाले. माझ्या बिजागऱ्यांत काकांचे वंगण अजून होते. ते हाताने नव्हे, जिवाने भरत, म्हणून तीन महिने पुरले. मी मिटू शकत होते. मी मिटले असते, तर साहेबांचा समारंभ सुखरूप पार पडला असता, त्यांना दुसरी ढाल मिळाली असती.

मी मिटले नाही. बिजागऱ्या आवळून धरल्या आणि समुद्राला म्हटले, ये.

तो आला. नळातून शेवटच्या चेंबरमध्ये, तिथून उघड्या बायपासमधून पाटात, आणि पाटातून गावाचे कच्चे पाणी जिथे येऊन पडते त्या अंगणातल्या विहिरीत. तिच्या झाकणावर सतरंजी होती, आणि सतरंजीवर साहेब भाषण करत होते. पुढचे मला शिपायाने सांगितले. म्हणजे तो पहारेकऱ्याला सांगे आणि मी ऐके. इतक्या वेळा ऐकले की पाठ झाले आहे.

"या हजार दिवसांत," साहेब म्हणत होते, "आमच्या हातून एक थेंबसुद्धा इकडचा तिकडे झालेला नाही."

सतरंजी फुगली. लोकांना वाटले, वारा.

शिपाई ओरडला, "साहेब, आलं!"

"कोण आलं?"

"पाणी!"

झाकण उचलले गेले आणि काळे पाणी सतरंजीतून उसळून साहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आले. खुर्च्या पडल्या. पाहुणे टेबलावर चढले. सरकारी घराच्या न्हाणीघरातून पाणी उलटून बैठकीच्या खोलीत शिरले आणि ती लाकडी ढाल तरंगत उंबऱ्याबाहेर आली. साहेब पाण्यात उभे राहून "हे तात्पुरतं आहे, तात्पुरतं आहे" म्हणत होते. मोठ्या मॅडम चपला हातात घेऊन कट्ट्यावर उभ्या होत्या. त्यांनी साहेबांना एवढेच विचारले, "झडप गळली तर समुद्र शेवटच्या चेंबरपर्यंत येईल. त्याच्या अलीकडे बायपासचं दार आहे. ते बंद असताना समुद्र अंगणात कसा आला?"

 नळातून तो सगळा गोंधळ माझ्यापर्यंत येत होता, आणि माझे कान तृप्त होत होते.

मग नळातून दुसराच आवाज आला. बारीक, लांबचा, ओळखीचा.

"अहो, मोरीतून पाणी वर येतंय! ऐकलंत का, धान्याचे डबे खाली आहेत!"

काकू होत्या. त्यांच्या मागून शेजारणी, मुले, भांड्यांचे आवाज. कोणीतरी म्हणत होते, "आधी आजीला उचला, आजीला!"

साहेबांचे घर आणि खालची आळी एकाच नळाला जोडलेली होती, हे मला काय ठाऊक नव्हते? एकतीस वर्षे ठाऊक होते. रागाच्या भरात मी एकच टोक पाहिले. पाणी माणूस ओळखत नाही, ते सखल जागा ओळखते. आणि सखल जागी कोण राहते, हे सांगायला नको.

मी लगेच मिटायला हवे होते. पण इतके दिवस धरून ठेवलेले सोडायचे कसे, तेच मला उमजेना.

तेवढ्यात शिडीवर पावले वाजली. वंगणकाका! घरात पाणी शिरत असताना ते घर सोडून माझ्याकडे धावत आले होते. समुद्र त्यांच्या छातीला लागला होता. एका हाताने शिडी घट्ट धरून त्यांनी दुसरा हात पाण्यात घातला, माझ्या कडेवरून फिरवला, बिजागरीवर ठेवला.  त्या हाताला सगळे समजले. पाचर नव्हती. गंज नव्हता.

"बये," ते म्हणाले, "माझ्यासाठी करतेयस ना? नको करूस. सोड."

त्यांनी माझ्या कडेला नुसता हात लावला. मी मिटले. त्यांचा हात माझ्या कडेतून वेळेत निघाला, एवढीच देवाची कृपा.

चौकशी पुन्हा झाली. या वेळी ओहोटीला मोठ्या मॅडम स्वतः शिडी उतरल्या. माझ्या कडेवर सगळीकडे कालवे चिकटली होती, फक्त खाली एक जागा कोरी होती, पाचरीच्या आकाराची. मॅडमनी तिच्यावर बोट फिरवले आणि वर उभ्या शिपायाकडे पाहिले. तो सगळे बोलून मोकळा झाला. साहेबांची नोकरी गेली. फळ्यावर पुन्हा भरतीच्या वेळा आल्या. काकांवरचा ठपका पुसून त्यांना मानाने परत बोलावले. उरलेला महिना त्यांनी नव्या फिटरांना शिकवण्यात घालवला. साहेब आपले सामान टेम्पोत चढवताना मी मनात काय म्हटले ते तुम्हा मुलांसमोर सांगण्यासारखे नाही. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

खालच्या आळीचा मात्र आहे. काकूंनी चार दिवस घर धुतले. धान्य फेकावे लागले, लग्नातले रेशमी लुगडे फेकावे लागले. शेजारच्या आजींना त्या पाण्याने ताप भरला. त्या बऱ्या झाल्या, पण पुन्हा काठीशिवाय उठल्या नाहीत. त्यांनी माझे काय वाकडे केले होते?

चौकशीच्या शेवटी मॅडमनी काकांना विचारले, "एक कळत नाही. पाचर तर वाहून गेली होती. मग झडप का मिटली नाही?"

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिले. उभ्या आयुष्यात या माणसाने कामाबद्दल एक शब्द खोटा सांगितलेला नव्हता.

"गंजली होती, मॅडम," ते म्हणाले. "म्हातारी झाली. बदलून टाका."

त्यांच्या शब्दावर मला उतरवले आणि नवी, रबराची झडप बसवली. मी इथे अंगणात आले. काकांनी मला लोकांच्या बोलण्यापासून वाचवले, की खालच्या आळीसाठी मला शिक्षा दिली? ते दया म्हणून बोलले की सूड म्हणून, हे मला अजून उमगलेले नाही. ते निवृत्त झाले त्या दिवशी इथून गेले, माझ्यापाशी थांबले, पण बोलले काहीच नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरातही नजरेआड राबणारे कोणी असेल, वस्तू असेल किंवा माणूस असेल. त्याच्याकडे वेळेवर जा, हात लावून पाहा, विचारपूस करा. आणि कधी राग आलाच, अगदी खरा, रास्त राग आला, तर तो सोडण्याआधी एकदा वाकून पाहा, तुमच्या नळाला कोणाकोणाची घरे जोडलेली आहेत.